काळी खोळ

मी गादी बोलतेय. राजाची नव्हे, आणि सुटीच्या दिवशी जिच्यावर लोळत तुम्ही दहा वाजवता तीही नव्हे. मी चाकाच्या खुर्चीवर ठेवायची हवेची गादी. हातभर लांब, हातभर रुंद. अंगावर रबरी बोंडांच्या रांगा, प्रत्येक बोंडात हवा, आणि सगळ्यांची हवा आतून एकमेकांना जोडलेली. एकावर भार पडला की ते आपली हवा शेजारच्याला देतं आणि स्वतः खाली होतं. माणसांमध्ये असं सहजासहजी होत नाही म्हणतात. मला काय माहीत? मी माणसांची एकच बाजू पाहिलेली आहे.

तुम्ही खुर्चीत बसता तेव्हा सारखी चुळबुळ करता. कधी डावीकडे कलता, कधी उजवीकडे, कधी उगाच उठून पाणी पिऊन येता. तुम्हाला ती सवय वाटते. ती सवय नाही, ते राखण आहे. बसल्या जागी हाडाखालची कातडी दबली की ती दुखते, म्हणून तुम्ही हलता. ज्याला कमरेखाली काही जाणवतच नाही तो हलत नाही. मग त्या दबलेल्या जागी रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरायला लागते. वरून दिसतो फक्त एक लालसर डाग, नाण्याएवढा. अशा माणसांची कातडी राखणं हे माझं काम.

पण मला तोंड नाही. जे सगळ्यांच्या आधी मला कळतं, ते मला सांगता येत नाही. या एका कमतरतेपायी काय झालं, ते सांगायला बसलेय.

माझा जन्म कारखान्यातला. पातळ रबरात साचे बुडवायचे, वर काढायचे, भट्टीत भाजायचे. शेवटी एक चष्मेवाली बाई मला पाण्याच्या टाकीत दाबून धरायची आणि बुडबुडा येतो का बघायची. आला नाही. "ठणठणीत," ती म्हणाली, आणि मी खोक्यात गेले.

खोकं उघडलं ते दवाखान्यात. तिथे मला नमुना म्हणून ठेवलं होतं. मणक्याला मार बसलेली माणसं यायची, अर्धा अर्धा तास माझ्यावर बसायची, आणि एक ठेंगण्याशा, खणखणीत आवाजाच्या सिस्टर प्रत्येकाला तोच धडा द्यायच्या. मला तो पाठ आहे.

"रोज सकाळी गादीखाली हात घालून बघायचं. हाड आणि तळ यांच्यात बोटभर हवा पाहिजे. आणि गादी आहे म्हणून बिनघोर बसून राहायचं नाही. दर अर्ध्या तासाला पुढे वाकायचं, छाती पार मांड्यांना टेकवायची, दोन मिनिटं. संध्याकाळी आरसा."

"आरसा कशाला?" प्रत्येक जण विचारायचा.

"मागचं बघायला. तुमचं तुम्हाला दुखणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं. डाग दिसला की त्या दिवसापासून बसणं बंद. डाग जाईपर्यंत पालथं झोपायचं. मग घरात लग्न असो नाहीतर नोकरीचा पहिला दिवस."

एक घड्याळं दुरुस्त करणारा होता. फार गोड बोलायचा. धडा ऐकताना मान डोलवायचा आणि म्हणायचा, "सिस्टर, घड्याळं माझ्या हाताखालून गेलीत, अर्धा तास मला शिकवू नका." वर्षाने तो परत आला. त्याला माझ्यावर बसवलं आणि मला एक वास आला. गोडसर, कुबट, कपाटामागे काहीतरी मरून पडल्यासारखा. त्या दिवशी सिस्टरांनी धडा दिला नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या घरचे त्याची खुर्ची दवाखान्याला देऊन गेले. तो वास मी विसरलेली नाही.

मग धाकटा आला. घरात तो धाकटा, थोरली बहीण लग्न होऊन परगावी गेलेली. त्यामुळे सगळे त्याला धाकटाच म्हणत. एकोणीस वर्षांचा. मित्राच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर उडी मारायची पैज लावली होती म्हणे. पैज जिंकला, पण पलीकडचा कठडा ढासळला. असा हा मुलगा. एकदा बोलला की मागे घेणार नाही. सोबत त्याची आई होती. शाळेचे गणवेश शिवणारी, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेली. नवीन गाद्या यायला दीड महिना लागेल असं सिस्टर म्हणाल्या, तेव्हा आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मग हीच द्या. आम्हाला काही नवीकोरीचा सोस नाही."

आईने मला खोळ शिवली, दुधाच्या सायीसारख्या फिकट रंगाची. सिस्टरांनीच सांगितलं होतं तसं. फिकट कापडावर डाग लगेच दिसतो.

पहिली तीन वर्षं मी सुखात काढली. आई पुढच्या खोलीत यंत्रावर बसायची, धाकटा खिडकीपाशी. यंत्राच्या खडखडाटातून दर अर्ध्या तासाला तिची हाक यायची, "वाक रे!"

"वाकलो गं!"

"खोटं बोलतोस. आवाज सरळ बसल्याचा आहे."

मग तो हसत वाकायचा. संध्याकाळी पडदा ओढून आरसा. "लख्ख आहे," आई म्हणायची, आणि तेवढ्यावर त्या घराला झोप लागायची.

पण तरुण मुलगा खिडकीपाशी किती दिवस बसणार? त्याने दोन ठिकाणी कामाला विचारलं. दोन्ही ठिकाणी चहा पाजला, पाठ थोपटली, आणि दोन्ही ठिकाणी एकच वाक्य ऐकवलं, "तसं काही नाही हो, पण तुम्ही लोक सारखे आजारी पडता." दुसऱ्यांदा ऐकून आला त्या दिवशी तो जेवला नाही. "आजारी पडून दाखवणारच नाही मी कुणाला," असं तो भिंतीकडे बघून बोलला. भिंतीला ते लागलं नसेल, मला लागलं.

अपंग तरुणांना काम मिळवून देणारं एक केंद्र आहे. तिथल्या बाई घरी आल्या. खांद्यावर फुगलेली पिशवी, पिशवीत कागद, आणि चालणं असं घाईचं की जणू आपण घरी पोचेपर्यंत आठवडाच संपेल. त्यांनी धाकट्याची बोटं बघितली. आईच्या गणवेशांना बटणांची काजी तो करायचा, एकसारखी, मशीनला लाजवणारी. "हातात कला आहे," त्या म्हणाल्या, आणि आठवड्याभरात त्याला दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत घेऊन गेल्या.

तिथले मुख्य कारागीर म्हणजे मास्तर. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे दात घडवून त्यांचे स्वतःचे चारच उरलेले. त्यांनी धाकट्याला मेणाची एक कांडी दिली आणि दाढ कोरायला सांगितली. तासाभराने ती दाढ तळहातावर घेऊन मास्तर म्हणाले, "ही कुणाची उपटून आणलीस?"

झालं. तीन महिने उमेदवारी, मग कायम.

केंद्राच्या बाई दर महिन्याला येऊन एक कागद भरणार होत्या. वेळेवर येतो का, कामाचा वेग, सहकाऱ्यांशी वागणूक, काही अडचण. कातडीचा रकाना त्यावर नव्हता. कातडी दवाखान्याची आणि नोकरी केंद्राची. दोन्हींच्या इमारती एकाच रस्त्यावर, समोरासमोर. पण हिचा कागद तिकडे कधी जायचा नाही आणि तिचा इकडे.

कार्यशाळेचे मालक भला माणूस, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही उगाच त्याच्यावर संशय घ्याल. त्यांनी दारात उतार करून घेतला. खुर्ची आत जावी म्हणून टेबलाच्या पायांना लाकडी ठोकळे लावले. पहिल्या दिवशी सगळे कारागीर उठून उभे राहिले होते.

अर्धा तास झाला. धाकटा शिस्तीत पुढे वाकला, छाती मांड्यांना टेकवली. डोकं टेबलाखाली गेलं.

"अहो, पडला! पोरगा पडला!"

एकच धावपळ उडाली. कुणी पाणी आणलं, कुणी खांदे धरून त्याला वर ओढलं, मालक प्लास्टरने बरबटलेल्या हातांनीच धावत आले. "काय झालं बाळा? चक्कर आली? डॉक्टरला बोलावू?"

धाकटा कानापर्यंत लाल झाला. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण सगळी कार्यशाळा भोवती उभी, आणि विषय बसायच्या जागेचा. "नाही, काही नाही," तो म्हणाला, "पाय खाजला जरा."

ज्या पायाला सुई टोचली तरी कळत नाही तो पाय खाजला! पण कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. ही त्याची पहिली थाप.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाकला, पुन्हा तीच धावपळ. तेव्हा मालकांनी सगळ्यांना बोलावून बजावलं, "हे बघा, याला कशासाठीही हलावं लागता कामा नये. साचा, मेण, पाणी, जे हवं ते जागेवर द्या. लागलं खाजवायला तर लांब पट्टी द्या." सगळे हसले, धाकटाही हसला. मला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून त्याच्या हातात सगळं आयतं येऊ लागलं. घरी तो निदान कात्री घ्यायला कलायचा, खिडकी लावायला ताणायचा, चाकं फिरवत स्वयंपाकघरात जायचा. इथे सकाळी नऊला बसला की संध्याकाळी सहापर्यंत माझ्यावर एखाद्या पोत्यासारखा. त्यात ते मेण. दिव्यावर गरम केलेल्या मेणात दात बसवायचा, तो रेषेत आणायचा, आणि हे सगळं मेण मऊ आहे तोवर. दोन मिनिटं वाकून आलात की मेण दगड झालेलं असतं, पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला एक वाकणं राहिलं, मग तेही नाही.

"वाकतोस ना रे तिकडे?" आई संध्याकाळी विचारायची.

"हो गं."

आवाज सरळ बसल्याचा होता. पण दिवसभर एकटं यंत्र चालवून आई थकलेली असायची, आणि मुलगा कामावरून आलाय याचंच तिला इतकं अप्रूप होतं की तिचे कान तेवढ्यापुरते बंद झाले होते.

मग एक दिवस तो म्हणाला, "आई, ही खोळ बदल. कामाच्या ठिकाणी असली फिकट बरी नाही दिसत, प्लास्टर आणि मेण लागून घाण होते. काळी शिव."

आईची कात्री क्षणभर थांबली. "सिस्टर म्हणाल्या होत्या..."

"सिस्टर नोकरी करतात का माझी?"

तिने काळी शिवली. दुहेरी शिवणीची, कडेला नक्षीची टीप घातलेली. शिवताना ती गुणगुणत होती.

आणि आरसा? पहिल्या महिन्याच्या अखेरीला तोही सुटला. "मी आता कमावता आहे," तो तिला म्हणाला. "माझं मी बघीन." त्यात चूक काय? तेवीस वर्षांच्या मुलाने आईपुढे किती वर्षं उघडं पडायचं? आईने आरसा त्याच्या हातात दिला. वाईट वाटलं तिला, आणि अभिमानही वाटला. आठ-दहा दिवस त्याने इमानेइतबारे बघितलं. मग थकून यायचा आणि आडवा व्हायचा. आरसा खिळ्याला लटकून राहिला.

दुसऱ्या महिन्यात केंद्राच्या बाई आल्या. सगळं बघून भारावून गेल्या. कागदावर त्यांनी लिहिलं, "सहकारी सर्व वस्तू जागेवर आणून देतात. उमेदवाराला हालचाल करावी लागत नाही. उत्तम." उत्तमच्या खाली दोन रेघा ओढल्या. मी त्याच्याखाली होते, आणि डाव्या हाडापाशी माझी तीन बोंडं पार चपटी झाली होती. वरून ऊब येत होती. माणसाची ऊब मला ठाऊक आहे, ही तशी नव्हती. एकाच जागी, निखारा राखेखाली असतो तशी.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं तुम्ही म्हणता. इथे ज्याचं जळत होतं त्यालाच कळत नव्हतं. कळत होतं ते मला.

उमेदवारी संपायला अकरा दिवस होते. सुटीचा दिवस होता. हल्ली खोळ तोच धुवायचा, आणि शेजारणीला आई कौतुकाने सांगायची, "स्वतःचं स्वतः धुतो बाई. नोकरीने शहाणा केला." मी न्हाणीघरात भिंतीला टेकून उभी होते. त्याने काळी खोळ बादलीत बुडवली, चोळली, पिळली. पाण्याला रंग आला, कोऱ्या चहासारखा.

काळ्या कापडाचा रंग जात असेल, असं त्याने स्वतःला समजावून बघितलं असावं. त्याने पाणी ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा पिळलं. पुन्हा तोच रंग. मग तो खोलीत गेला, आरसा काढला, पलंगावर कुशीवर झाला. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. तो फार वेळ बघत राहिला. सिस्टरांचा धडा त्याला माझ्याइतकाच पाठ होता.

"अकरा दिवस," तो हळूच म्हणाला. "अकराच तर दिवस आहेत. आत्ता झोपून राहिलो तर म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं?"

मला ओरडावंसं वाटलं. झडप उघडून सगळी हवा सोडून द्यावी, फुसकन आवाज करावा, काहीतरी करावं. पण झडप माणसाच्या हाताने उघडते.

त्याने एका फडक्याच्या चार घड्या घातल्या आणि जखमेवर बांधल्या. मऊ वाटावं म्हणून. चार घड्यांचं फडकं म्हणजे मरत्या कातडीखाली ठेवलेला दगडच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो कामावर हजर.

पहिल्या तीन दिवसांत फडकं ओलं होऊ लागलं. चौथ्या दिवशी तो वास आला, घड्याळवाल्याचा. मला वाटलं, आता तरी कुणाला तरी कळेल! पण कवळीचं गुलाबी रसायन ज्या द्रवात कालवतात त्याचा उग्र दर्प त्या कार्यशाळेत असा भरलेला असतो की तिथे गुलाबही हुंगता येणार नाही. घरी तो अंगाला साबण लावून, पावडर थापून बसायचा. झाकली मूठ म्हणतात ती हीच.

सहाव्या दिवशी ताप चढला. दुपारी चार वाजता त्याने एक कवळी पुरी केली आणि मास्तरांपुढे ठेवली. मास्तरांनी ती उजेडात धरली. समोरचे दोन दात तिरके होते. थोडेसेच, केसभर. पण या पोराच्या हातून तिरका दात कधी बसला नव्हता. मास्तर मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले.

विचारा! मी म्हणत होते. विचारा त्याला!

मास्तरांनी विचारलं नाही. नवखा आहे, कायम व्हायचंय, धास्ती घेतली असेल, असं त्यांच्या मनात आलं. पोराचं नुकसान व्हायला नको. त्यांनी गुपचूप ती कवळी आपल्या टेबलावर नेली, मेण गरम केलं आणि दात सरळ केले. दुसऱ्या दिवशी तीन सरळ केले. तिसऱ्या दिवशी पाच. मालकांनी विचारलं, "कसं काय चाललंय आपल्या गड्याचं?" तेव्हा मास्तर म्हणाले, "एका रेषेत."

सगळेच त्याच्यावर माया करत होते. मला त्या मायेचं भय वाटायला लागलं होतं.

अकरावा दिवस उजाडला. सकाळी आईने विचारलं, "तोंड का रे असं उतरलंय?" तो म्हणाला, "आज पत्र मिळणार ना, झोप नाही लागली." दुपारी केंद्राच्या बाई आल्या. मालकांनी सगळ्यांना जमवलं, चहा मागवला, आणि कायम नेमणुकीचं पत्र धाकट्याच्या हातात ठेवलं. टाळ्या वाजल्या. पोच म्हणून सही करायला बाईंनी पेन दिलं, तेव्हा त्यांची बोटं त्याच्या हाताला लागली.

"अरे, हात किती गरम आहे तुझा!"

"दिवा जवळ आहे ना मेणाचा."

बाईंनी दिव्याकडे बघितलं. दिवा खरोखरच जवळ होता. मग त्यांनी कागद काढला. "काही अडचण?"

त्याने तोंड उघडलं. मला कळलं, कारण सांगायला निघालेला माणूस किंचित पुढे सरकतो, आणि तो सरकला. एवढ्यात मास्तर मागून म्हणाले, "कसली अडचण? आम्ही आहोत की!"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

बाईंनी "नाही" असं लिहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने पत्र आईपुढे धरलं. तिने हात पुसले, चष्मा लावला, अक्षर लावून लावून ते दोनदा वाचलं. मग ते यंत्राच्या पाटीवर ठेवलं आणि रडली, हसली, त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"आई," तो म्हणाला, "आता आरसा आण."

"आत्ता? कशाला? भांग पाडून कुठे मिरवायला निघालास?"

"आण तर."

तो पलंगावर पालथा झाला. तिने फडकं सोडवलं. आरशाची गरजच पडली नाही. ती ओरडली नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. माझ्यावरची काळी खोळ तिने हातात घेतली, नक्षीच्या टिपेवरून अंगठा फिरवला.

"कधीपासून?"

"अकरा दिवस कळतंय. आधीचं माहीत नाही."

"डाग दिसू नये म्हणून," ती म्हणाली, "मी माझ्या हाताने काळं कापड शिवून दिलं तुला."

त्यानंतर गाडी आली. मी खुर्चीवर तशीच मागून दवाखान्यात आले, ज्या खोलीत माझं खोकं उघडलं होतं तिच्या शेजारच्याच खोलीत. सिस्टरांचे केस आता पिकले आहेत. त्यांनी एकदा वाकून बघितलं आणि कुणालाही रागावल्या नाहीत. त्या रागावत नाहीत तेव्हा काय असतं ते मला माहीत आहे.

जखम हाडापर्यंत गेलीय. ताप रक्तात उतरलाय. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी करायची की नाही ते डॉक्टर रोज उद्यावर ढकलतात. पहिले दहा दिवस तो भ्रमात दात मोजत होता. आज सहावा आठवडा. तो पालथा पडून आहे, तोंड उशीत. सकाळी बरा असतो, मास्तरांची नक्कल करतो. चार वाजले की ताप परत येतो, आणि आई घड्याळाकडे बघायचं टाळते.

मालक येऊन गेले. "सिस्टर, आम्ही त्याला फुलासारखं जपलं हो," ते म्हणाले. "तेच झालं," सिस्टर म्हणाल्या. मास्तर आले ते खाटेपाशी उभेच राहिले. "मला कळलं होतं," ते आईला म्हणाले. "तिरके दात मी बघितले होते. मी ते सरळ करत बसलो." केंद्राच्या बाई आपल्या कागदाच्या तळाशी पेनाने एक नवा रकाना आखून दाखवायला आल्या. टेबल राखून ठेवलंय, असा मालकांचा निरोप आहे. पत्र आईने उशीखाली ठेवलंय. या सगळ्यातलं काय कामाला येईल, मला सांगता येत नाही. मी रिकामी आहे, आणि माझ्यावर त्याचं वजन पुन्हा पडेल की नाही हे कुणीच बोलत नाही.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या शेजारी कुणी खुर्चीत बसून काम करत असेल आणि मध्येच पुढे वाकलं, तर धावू नका. पाणी आणू नका. आपलं काम करत राहा, म्हणजे त्यालाही त्याचं करता येईल. त्याची कात्री त्याला घेऊ द्या. आणि त्याचा दात तिरका बसला तर गुपचूप सरळ करू नका, त्याला विचारा.

हे सांगत होते तेवढ्यात आत्ता सिस्टर आल्या. "धाकट्या, तुझी गादी जरा नेते रे. नवीन पेशंट आलीय, आणि नमुन्याची फाटलीय."

"न्या," तो उशीतून म्हणाला. "रिकामीच आहे."

पडद्यापलीकडे एकवीस-बावीस वर्षांची मुलगी होती. तिला माझ्यावर बसवलं. हलकी आहे, उजवं हाड जरा खाली. सिस्टरांनी माझ्याखाली हात घातला आणि धडा सुरू केला, बोटभर हवा, अर्धा तास, आरसा.

"हो हो, वाकेन की," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात नुसता आनंद होता. "सोमवारपासून कामावर जायचंय मला. पण तिथे एवढं काही लागणार नाही हो सिस्टर. काल बघून आले ना, इतकी चांगली माणसं आहेत! म्हणाली, तू फक्त बसून राहा, तुला आम्ही जागचं हलूसुद्धा देणार नाही."

सिस्टरांचा हात माझ्याखाली थांबला. त्या काहीतरी बोलणार, तोच पलीकडच्या खोलीतून त्यांना हाक आली. "हलू नकोस... म्हणजे, थांब, आलेच," असं म्हणत त्या धावल्या. मुलीने फोन काढला आणि कुणाला तरी नोकरीची बातमी सांगू लागली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. सिस्टर आल्या नाहीत. चार वाजून गेलेत, म्हणजे पडद्यामागे धाकट्याला ताप चढला असणार. अर्धा तास भरला. माझी उजवीकडची दोन बोंडं चपटी व्हायला लागली आहेत.

खाट करकरली. उशीत दबलेला, तापाने घोगरा झालेला आवाज पडद्यातून आला. "ए... वाक गं."

मुलगी बोलायची थांबली. "मला म्हणतोय का कोणी?" असं म्हणून ती हसली, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाक गं," तो पुन्हा म्हणाला.

ती अजून वाकलेली नाही.